आमच्या परड्यातला आलुबुखार

बसा. चहा उकळतोय तोवर एक गोष्ट ऐका, आणि ऐकून झाल्यावर मला एवढंच सांगा की यात माझी चूक नेमकी कुठं झाली. आजवर पुष्कळांना विचारलं. ऐकणारा उपरणं तोंडाला लावतो, खांदे हलवतो आणि उत्तर न देताच उठून जातो. हा काय न्याय झाला?

मंगळवार पेठेतलं आमचं किराण्याचं आणि काष्ठौषधींचं दुकान तुम्हाला माहीत आहे. वडिलांच्या मागं मी गादीवर बसलो तेव्हा मला मोडीत सही आणि पाढे यापलीकडं काही येत नव्हतं. बाकी सगळं नजरेनं शिकलो. हिंगाचा खडा हातावर घासून तो कुठला ते सांगेन. जिऱ्यात कुणी चिमूटभर काडी मिसळली तर पोत्याचं तोंड सोडायच्या आत मला कळतं. बसप्पाच्या नजरेतून काही सुटत नाही, असं बाजारात बोललं जायचं. जायचं म्हणतोय, ते मुद्दाम.

आता आलुबुखार. तुम्ही पाहिला असेल तो वाळलेला. काळा, सुरकुतलेला, आंबट, तापकऱ्याला पाण्यात कोळून देतात तो. काबूलकडून मुंबईला येतो आणि मुंबईहून आमच्या पोत्यात. हा माल मी इतकी वर्षं विकला, पण ओला आलुबुखार कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. मीच काय, सोलापुरात कुणीच पाहिला नव्हता. झाडाला लागतो, वेलीला लागतो की जमिनीतून उपटतात, कुणाला पत्ता नाही. गिऱ्हाइकानं विचारलं तर मी 'डोंगरात होतो' म्हणून सांगायचो. डोंगरात म्हटलं की माणूस पुढं विचारत नाही.

अशात एके दिवशी मंद्रूपचा सिदराम माळी दुकानात आला. हा आंब्याची, पेरूची, लिंबाची कलमं करून मंद्रूपच्या बाजारात विकायचा आणि हळद-हिंग माझ्याकडून न्यायचा. बोलायला मोठा. स्वतःच्या कलमांबद्दल तो जावयाबद्दल सासूनं बोलावं तसा बोलायचा. त्या दिवशी त्याच्या काखेत ओल्या गोणपाटात गुंडाळलेली एक काडी होती.

"शेटजी, हे काय हाय वळखा."

"काडी."

"काडी न्हवं, आलुबुखार हाय. माझा सासरा बंगळूरकडं मळ्यात हाय, तितनं आनलंय. सोलापुरात दुसऱ्या कुनाकडं न्हाय."

'दुसऱ्या कुणाकडं नाही' हे शब्द ऐकल्यावर व्यापाऱ्याचं काय होतं ते तुम्हा नोकरदारांना सांगून कळायचं नाही. तरी मी शहाण्यासारखं विचारलं, "फळेल का?"

"न फळायला काय झालं? सिदराम माळ्याच्या हातचं हाय की."

हे त्याचे शब्द. मी मागितले नव्हते, त्यानं आपण होऊन दिले.

झाड परड्यात लावलं, विहिरीच्या कडेला. पहिली दोन-तीन वर्षं मी काही बोललो नाही. झाडालाही बाळपण असतं. पण पुढं ते माझ्या डोक्याच्या वर गेलं, फांद्या फुटल्या, सावली पडायला लागली, आणि फळ? फळ राहू द्या, फूल सुद्धा नाही. थंडीत सगळी पानं गाळून बसायचं. मग माघात काड्यांवर बारीक बारीक डोळे फुटायचे. मी हरखायचो. रोज पूजा आटोपून दुकानाला निघताना झाडाखाली उभा राहून बघायचो. आणि थोड्या दिवसांनी बघावं तर नुसती हिरवी पानं. म्हणजे डोळे फुटले ते पानांचेच. हे एकदा नाही, दर साल.

आणि बाजार काय गप्प बसतो? फळ येण्याआधी मीच चार जणांजवळ बोललो होतो की यंदाच्या उन्हाळ्यात ओला आलुबुखार दाखवतो. झालं. येणारं गिऱ्हाईक मुद्दाम विचारायचं, "शेटजी, पावशेर आलुबुखार द्या. पोत्यातलाच द्या म्हंजे झालं, परड्यातल्याची आमाला घाई न्हाय." समोरचा कापडवाला रोज सकाळी विचारायचा, "काय बसप्पा, पाळणा हलला का?" सांगा, माणसानं किती सोसायचं?

तेव्हा उपाय सुरू केले.

आमच्या ओट्यावर नरहर वैद्य रोज बसायचे. औषधं माझ्याकडून घ्यायची आणि तपकीर ओढत जगाचं निदान माझ्याच ओट्यावर करायचं, असा त्यांचा क्रम. ते झाड बघून म्हणाले, "बसप्पा, ही थंड देशातली प्रकृती. सोलापुरात पित्त खवळलं आहे. ह्याला गारवा द्या."

दिला. बुंध्याला ओली पोती गुंडाळली. दुकानातला चांगला वाळा रात्रभर भिजत घालून त्याचं पाणी मुळाशी ओतलं. बायको, म्हणजे आमच्या घरच्या, म्हणाल्या, "मला डोकं दुखतं तेव्हा वाळा आठवत नाही तुम्हाला." ऐकून घेतलं. झाडासाठी माणूस ऐकून घेतो.

मग सिदरामाला विचारलं. तो म्हणाला, "पानी तोडा, शेटजी. जरा उपाशी ठेवा. लाडानं झाड माजतं."

पाणी तोडा? सोलापूरच्या उन्हात? हा माळी की कसाई? मी त्याच्यादेखत मान डोलवली, पण त्या दिवसापासून पाण्याच्या बादल्या दुप्पट केल्या.

कुणी म्हणालं दृष्ट लागली. मी एक जुनी चप्पल दोरीनं फांदीला टांगली. संध्याकाळी येऊन बघतो तर चप्पल परड्याच्या कोपऱ्यात फेकलेली आणि आमची अव्वा, म्हणजे माझी आई, दारात उभी.

"बसू, त्या झाडाला पायतान बांदलंस?"

"दृष्ट लागू नये म्हणून, अव्वा."

"तुलाच लागली हाय दृष्ट. पुन्यांदा बांदलंस तर तीच घीन हातात."

साठी उलटलेली बाई, तिच्याशी कोण वाद घालणार? चप्पल उचलून आणली.

शेवटचा उपाय कुऱ्हाडीचा. तुम्ही ऐकलं असेल, वांझ झाडाला भीती घालतात. एकानं कुऱ्हाड उगारून म्हणायचं, 'हे फळत नाही, तोडतो याला.' दुसऱ्यानं हात धरून म्हणायचं, 'थांबा, पुढच्या साली नक्की फळेल, मी जामीन.' झाड ऐकतं आणि घाबरून फळतं. जामीन राहायला वैद्यबुवा तयार झाले. शिवरात्र पंधरा दिवसांवर आली होती. मी धोतर खोचलं, कुऱ्हाड उगारली आणि मोठ्यानं म्हणालो, "हे झाड फळत नाही, तोडतो याला."

मागून आवाज नाही.

पुन्हा म्हणालो, "तोडतो याला."

मान वळवून बघतो तर वैद्यबुवांनी नेमकी तपकिरीची चिमूट नाकात भरलेली, डोळे मिटलेले, तोंड उघडं, शिंक अर्ध्या वाटेवर. इकडं माझे हात भरून आलेले. कुऱ्हाड खाली घ्यावी तर झाडाला कळणार की हे नाटक आहे.

"अहो वैद्यबुवा, थांबवा की मला."

तेवढ्यात अव्वा बाहेर आली. तिनं माझ्या हातातली कुऱ्हाड काढून घेतली.

"शिवरात्र तोंडावर आली आन् त्या झाडावर कुऱ्हाड? तुला काय म्हनायचं, बसू? आन् वैद्यबुवा, तुमी तर शिकलेलं मानूस."

वैद्यबुवा शिंकले. मी समजलो म्हातारीला झाडाची दया आली. दुसरं काय समजणार? तुम्ही काय समजला असता?

त्या दिवशी मात्र माझं डोकं फिरलं. उपाय थकले म्हणजे झाडात दोष नाही, पाण्यात नाही, माझ्यात तर नाहीच. मग राहिला कोण? कलम देणारा. सिदरामानं मला वांझ कलम दिलं. एवढं साधं गणित आणि इतकी वर्षं मला सुचलं नाही.

मी ते स्वतःजवळ ठेवलं नाही. हळदीची पुडी बांधता बांधता विचारायचं, "गाव कुठलं? मंद्रूप? मग त्या सिदरामाकडनं कलमं घेऊ नका. वांझ देतो." पुडीबरोबर एवढं फुकट. दुकानातली गोष्ट गावात जायला पोस्टाची गरज लागत नाही. हिंगाच्या आधी ती पोचते.

शिवरात्रीच्या दिवशी सकाळी दुकानात ही गर्दी. साबुदाणा, खजूर, शेंगदाणे. मी तागडीवर. तेवढ्यात सिदराम आला आणि ओट्यावर मांडी घालून बसला. नेहमीची बडबड नाही.

"काय देऊ?" मी विचारलं.

"माझं नाव परत द्या."

खजूर घेणाऱ्याचा हात थांबला.

"नाव मी कधी घेतलं तुझं?"

"रोज घेता की. मंद्रूपच्या आमच्या पाटलानं नवी हीर पाडली. समदी बाग माझ्या कलमांची लावायची, असं ठरलं व्हतं. खड्डे खणून झाले. आता पाटील म्हनतो, शेटजी म्हनत्यात तुजी झाडं वांझ असत्यात, मला नगं. एका पाटलानं नगं म्हनलं की समद्या गावानं नगं म्हनलं. बाजारात मी कलमं घेऊन बसतो, लोक बगून म्होरं जात्यात. घरात बायको इचारती, तू खरंच वांझ झाडं इकतोस का. तिला काय सांगू?"

"मग मी खोटं बोललो का? आलं का फूल त्या झाडाला?"

"मला काय ठावं? झाड तुमच्या परड्यात हाय. दाखवा. ह्या समद्यांम्होरं दाखवा. फूल नसलं तर मी हितंच उभा ऱ्हाऊन सांगंन की सिदरामाचं कलम खोटं हाय, आन् हा धंदा आजच्याला सोडंन. पन फूल असलं तर तुमी मंद्रूपला यायचं आन् पाटलाम्होरं बोलायचं. व्हय की न्हाय?"

"हो. हजारदा हो," मी म्हणालो आणि तागडी खाली ठेवली. रोज सकाळी त्या झाडाखाली उभा राहणारा माणूस मी. मला कसली भीती?

वरात निघाली. पुढं मी, मागं सिदराम, त्याच्या मागं वैद्यबुवा, कापडवाला आणि खजुराच्या पुड्या हातात घेतलेली पाच-सहा गिऱ्हाइकं. परड्यात जाऊन झाडाखाली उभे राहिलो. काळपट नुसत्या काड्या. एक पान नाही, एक पाकळी नाही.

"दाखव," मी म्हणालो. "आता दाखव फूल."

सिदराम झाडाभोवती फिरला. फांद्या वाकवून बघितल्या. वैद्यबुवांनी चष्मा चढवून बघितलं. कापडवाल्यानं टाचा उंच करून बघितलं. फूल असेल तर दिसेल ना?

मग सिदराम थांबला. त्यानं बुंध्यावर हात ठेवला. "न्हाय शेटजी," तो म्हणाला. "न्हाय फूल. मला वाटलं व्हतं, येईल." त्यानं डोक्याचं मुंडासं काढून काखेत घेतलं आणि लोकांकडं तोंड केलं. "मंडळी, ऐका. ह्ये कलम माझ्या हातचं..."

खरं सांगतो, मला क्षणभर कसंतरी झालं. पण इतक्या वर्षांचा राग असा एका क्षणात जातो का? आणि चार माणसं ऐकायला उभी असताना तर मुळीच जात नाही. मी त्याला मध्येच थांबवून व्यापारातल्या सचोटीवर बोलायला लागलो. "अरे, माल देताना पारखून द्यावा. मी आयुष्यात कुणाला किडका बदाम दिला नाही. आणि तू मला, ज्याच्या नजरेतून तीळ सुटत नाही त्या माणसाला, असलं झाड देतोस? इतक्या वर्षांत एक फूल नाही. एक फूल..."

"आन् तुज्या कानावर काय हाय?"

अव्वा. मागच्या दारात उभी. कपाळाला भस्म, हातात प्रसादाची परडी.

मी कानाला हात लावला. "हे? हे पूजेचं फूल आहे, अव्वा."

"पूजेचंच हाय. पन आलं कुटनं? आबाळातनं? ह्या झाडाचंच हाय की."

आता तुम्हाला आमच्या पूजेची रीत सांगायला हवी, नाहीतर तुम्हीही त्या लोकांसारखे हसाल. आम्ही लिंगायत. रोज स्नान करून डाव्या तळव्यावर इष्टलिंग घ्यायचं, नजर त्याच्यावर लावायची आणि उजव्या हातानं भस्म, बेल, फूल वाहायचं. नजर लिंगावरून हलता कामा नये, हा आमच्या वडिलांचा दंडक. ताटात काय आहे ते बोटांना कळतं, डोळ्यांना कळायचं कारण नाही. ताट अव्वा भरून ठेवते. पूजा झाली की त्यातलं एक फूल कानावर ठेवायचं, डोक्याला रुमाल बांधायचा आणि दुकानाला जायचं. पेठेतल्या प्रत्येक वाण्याच्या कानावर सकाळी फूल असतं. ते कुठलं आहे, हे कुणी कुणाला विचारतं का?

अव्वानं परडी पुढं केली. आत पांढरी, नाजूक, पाच पाकळ्यांची फुलं. ढीगभर.

"आज शिवरात्र म्हनून गिरणीच्या पहिल्या भोंग्याच्या आदी समदी खुडली. फुललेलं एक बी ठेवलं न्हाय. दर साल ह्या दिसांत रोज खुडते. शंकराला पांढरं फूल लई आवडतं. दुसरं काय फुलतं ह्या दिसांत आपल्या परड्यात?"

मी फुलाकडं बघितलं, झाडाकडं बघितलं. काडीवर जिथं जिथं डोळा फुटला होता तिथं तिथं खुडलेला हिरवा देठ. रोज तिथं उभा राहायचो मी, अगदी नाकासमोर. पण मी फुलं शोधत होतो, देठ कशाला बघू?

"अव्वा," मी ओरडलो. ओरडायला नको होतं, पण ओरडलो. "हे फळाचं झाड आहे. तू फुलं खुडलीस तर फळ कुठून येणार?"

"फळाचं? लावलंस तवा मला काय सांगितलंस?"

इथं एक गोष्ट सांगायची राहिली. सिदरामानं कलम दिलं तेव्हा ते काय आहे हे मी घरात सांगितलं नव्हतं. नवा माल हाती येईपर्यंत त्याचं नाव घरात सुद्धा काढायचं नाही, ही आमची बाजाराची सवय. आणि परड्यात झाड म्हटलं की कुणी त्याला शेळी बांधतं, कुणी धुणं वाळत घालतं, गल्लीतली पोरं काड्या मोडतात. तेव्हा मी एक साधी युक्ती केली. अव्वाला म्हणालो, "हे देवाच्या नावानं लावलंय. देवाशिवाय कुणासाठी हात लावायचा नाही." अव्वानं पुढं त्याला देवाशिवाय कुणासाठी हात लावला नाही. सांगा, याला युक्ती फसली म्हणायचं की साधली म्हणायचं?

मी अव्वाच्या मागं येऊन उभ्या राहिलेल्या घरच्यांकडं वळलो. "आणि तुम्हाला तरी सांगता येत नव्हतं?"

"मला वाटलं तुम्हाला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "रोज तुम्हीच वाहता की."

तेच तर. माझ्याच उजव्या हातानं. जितका आलुबुखार मला मिळायचा होता तितका सगळा मी स्वतः, अंघोळ करून, पवित्र मनानं, फुलातच संपवला होता. आणि त्यातलंच एक फूल कानावर ठेवून दुकानात बसून ओरडत होतो की फूल नाही. सगळा बाजार ते फूल बघत होता. ज्या सिदरामाचं नाव मी पुडीत बांधून वाटलं, तो सुद्धा त्या सकाळी ओट्यावर बसून माझ्या कानावरचं फूल बघत होता.

कापडवाला भिंतीला टेकून खाली बसला. हसून त्याला उभं राहवेना. सिदराम हसला नाही. त्यानं परडीतलं एक फूल उचलून तळहातावर ठेवलं आणि उलटंसुलटं करून बघितलं. त्यानंही ते आयुष्यात पहिल्यांदाच बघितलं होतं. मग त्यानं मुंडासं बांधलं.

"शेटजी, मंद्रूपचा बाजार कवा असतो, ठावं हाय न्हवं?"

बाजाराच्या दिवशी सर्व्हिस मोटारीनं गेलो. वैद्यबुवा 'आधाराला' म्हणून बरोबर आले. असला आधार शत्रूला मिळो. पाटील बाजाराच्या तोंडाशी पारावर बसलेले. गलेलठ्ठ माणूस, बोलणं मोजकं. भोवती पंधरा-वीस माणसं. मी मोटारीत बसून सगळं भाषण जुळवलं होतं. सिदरामाचं नावही परत द्यायचं आणि माझंही घालवायचं नाही. व्यापाऱ्याला हे जमतं.

"पाटील," मी म्हणालो, "सिदरामाचं कलम चांगलं आहे. मी स्वतः सांगतो."

"परवा तर वांझ व्हतं."

"आता फुललं आहे."

"पैल्यांदा फुललं व्हय?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. एक अक्षर. पण सिदराम बाजूला उभा होता आणि माझ्याकडं बघत होता.

"नाही," मी म्हणालो. "दर साल फुलतं."

"दर साल फुलतं, मग तुमी दर साल वांझ का म्हनत व्हता?"

मग काय करता? सगळं सांगावं लागलं. भर बाजारात, ओरडून, कारण मागच्या लोकांना ऐकू येत नव्हतं. जिथं मी एखादी गोष्ट हळूच गाळायला बघायचो तिथं वैद्यबुवा पुढं होऊन म्हणायचे, "बसप्पा, ते कानाचं राहिलं." "ते वाळ्याचं सांगा." कुऱ्हाडीचं सांगताना मात्र शिंकेचं त्यांनी गाळलं, हे मी विसरलेलो नाही.

बाजार हसला. मिरच्या विकणारी हसली, घोंगडीवाले धनगर हसले, ज्यांना नीट ऐकू आलं नाही ते शेजाऱ्याला विचारून हसले. पाटील तेवढे हसले नाहीत. ते विचार करत होते.

"पानी तोडा असं सिदराम म्हनला व्हता?"

"म्हणाला होता."

"आन् तुमी?"

"दुप्पट घातलं."

"हं." पाटील सिदरामाकडं वळले. "उद्या कलमं आन. समदी. खड्डे तयार हाईत." सिदरामानं वाकून पाटलांच्या पायांना हात लावला, आणि उठून बाजाराकडं असं बघितलं की जणू सगळा बाजार त्यानंच मांडलाय. तासाभरात त्याची जुनी बडबड सुरू झाली. मला म्हणाला, "शेटजी, उन्हात का हुबं? माझ्या गोणपाटावर बसा." बसलो.

निघताना पाटील मला म्हणाले, "शेट, एक काम करा. बागेचं काय करायचं ते मी तुमाला इचारत जाईन. मानूस पाठवीन दुकानात. सांगाल न्हवं?"

"अवश्य," मी म्हणालो. बघा, जाणत्या माणसाला माणसाची किंमत कळते. वाटेत हे वैद्यबुवांना म्हणालो तर ते खिडकीबाहेर बघायला लागले.

आमच्या झाडाचं विचाराल तर पुढच्या माघात अव्वानं एक फांदी माझ्यासाठी सोडली. 'देवाला सांगितलंय,' म्हणाली. त्या फांदीवर एकच फळ धरलं. ते एका चिमणीनं खाल्लं. आजही सोलापुरात ओला आलुबुखार पाहिलेले आम्ही दोघंच, मी आणि ती चिमणी.

पाटलांचा माणूस मात्र नेमानं यायला लागला. "शेटजी, पाटील इचारत्यात, पेरूला आता पानी द्यावं का तोडावं?" मी सांगायचो, द्यावं, भरपूर द्यावं. "छाटावं का ऱ्हाऊ द्यावं?" मी सांगायचो, राहू द्या, जीव आहे त्यात. तो मान डोलवून, चहा पिऊन जायचा. काही वर्षांनी मंद्रूपला गेलो तर काय बाग. पेरूनं फांद्या वाकलेल्या. मी सिदरामाला म्हणालो, "बघ, नुसतं कलम असून भागत नाही. सल्ला लागतो."

"लागतो की," सिदराम म्हणाला. "तुमच्या सल्ल्याबिगर आमी पान हलवत न्हाय. तुमी पानी द्या म्हनला की आमी तोडतो. राखा म्हनला की छाटतो. पाटलाचा हुकूमच हाय, शेटजी सांगत्याल त्याच्या बरूबर उलटं करायचं."

आता तुम्हीच सांगा, हा उपमर्द की नाही? दर खेपेला माणसाला चहा पाजून दिलेले सल्ले ते. मी ठरवलं, दाखवतो यांना. पुढच्या खेपेला माणूस आला आणि म्हणाला, "शेटजी, पेरूला पानी?" मला मनातून वाटत होतं द्यावं, नेहमीसारखं भरपूर. पण मी काही दूधखुळा नाही. द्या म्हणालो तर ते तोडणार. म्हणून सरळ सांगितलं, "तोडा. थेंब घालू नका." म्हणजे ते उलटं करतील, पाणी घालतील, आणि एकदा तरी माझ्या मनातलं होईल.

महिन्यानं तो माणूस परत आला. या खेपेला काही विचारायला नाही, ओट्यावरही बसला नाही. उभ्या उभ्या निरोप दिला.

"शेटजी, पाटील लई तापल्यात. औंदा तुमी बरूबर सांगितलं, आन् आमी उलटं करून पानी सोडलं. सिदरामानं येळेवर वळखलं म्हनून बाग वाचली. पाटील म्हनत्यात, शेटला सांगा, असं पुन्यांदा करू नका."